वीस-पंचवीस हजार पौंडांतली मासेराती किंवा ॲस्टन: खरंच परवडते का?

टेम्सकाठी

इंग्लंडमध्ये सध्या २००८-०९ ची मासेराती ग्रानटुरिस्मो वीस-पंचवीस हजार पौंडांत दिसते. ॲस्टन मार्टिन डीबी९ तिच्या थोडी वर, आणि सुरुवातीच्या वर्षांतली बेंटली कॉन्टिनेंटल जीटी तर तिच्याहूनही खाली. नव्या असताना डीबी९ आणि बेंटली लाखाच्या पुढे होत्या. इथल्या आपल्या मराठी मंडळींत "एवढ्यात नवी हॅचबॅक येते, मग हीच का नको?" असं विचारणारे वाढले आहेत, म्हणून धागा काढतोय.

माझं मत आधीच सांगतो. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची आणि मजुरीची उतरत नाही. पंचवीस हजारांना घेतलेली डीबी९ गॅरेजमध्ये शिरली की ती पुन्हा लाखाची गाडी असते.

उदाहरण घ्या. डीबी९ चं इंजिन ५.९ लिटरचं, बारा सिलिंडरचं व्ही१२. बारा प्लग, त्यांना ठिणगीची वीज देणाऱ्या बारा कॉइल, आणि सगळे इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली. एक कॉइल गेली तरी वरचा सगळा पसारा उतरवावा लागतो. एवढं उघडलंच आहे तर बाराही बदलून घेणं शहाणपणाचं, आणि बिल दीड-दोन हजार पौंडांवर जातं. बेंटलीत सहा लिटरचं डब्ल्यू१२ आणि दोन टर्बो इतके दाटीवाटीने बसवलेत की बऱ्याच कामांना इंजिनच बाहेर काढावं लागतं. त्यात एअर सस्पेन्शन, आणि पावणेचोवीसशे किलो वजन. टायर आणि ब्रेक किती टिकणार?

रस्ता कराकडेही लोक बघत नाहीत. २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेली गाडी असेल तर वर्षाला सव्वाचारशे पौंडांच्या आसपास. त्या तारखेनंतरची असेल तर तीच गाडी, तेच इंजिन, पण साडेसातशेच्या घरात. लंडनमध्ये राहत असाल आणि गाडी युरो ४ या प्रदूषणाच्या मानकात बसत नसेल, तर ऑगस्ट २०२३ पासून शहराच्या सगळ्या बरोंमध्ये (प्रशासकीय विभागांत) दिवसाला साडेबारा पौंड वेगळे.

माझा ठोकताळा असा: पेट्रोल आणि विमा सोडून वर्षाला चार ते पाच हजार बाजूला ठेवायचे, शिवाय एका मोठ्या दुरुस्तीची रक्कम बँकेत हवी. ती नसेल तर घेऊ नये.

हिशेबनीस

साफ असहमत. तुमचे आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही ताळेबंदाची एकच बाजू मांडलीत.

घसारा कुठे आहे? ४५ हजारांची नवी एसयूव्ही धरा. तीन वर्षांत ती निम्मी झाली तर साडेबावीस हजार गेले, म्हणजे वर्षाला साडेसात हजार. हे पैसे कोणी "खर्च" म्हणत नाही, कारण ते हप्त्यात दडलेले असतात आणि गॅरेजवाला ते बिल हातात ठेवत नाही. आता २४ हजारांची ग्रानटुरिस्मो घ्या. तीन वर्षांनी वीसला गेली तर घसारा वर्षाला तेराशे-चौदाशे. त्यात तुमचेच साडेचार हजार मिळवा. सहा हजारांच्या आत!

पेट्रोलचा बाऊ करणाऱ्यांसाठी: ४.२ लिटरच्या ग्रानटुरिस्मोला कागदावर शंभर किलोमीटरला चौदा लिटरच्या थोडं वर लागतं. वर्षाला तीन हजार मैल फिरवली आणि पेट्रोल १.४० पौंड धरलं, तर हजाराच्या आत काम होतं.

आमच्या गल्लीत दर तीन वर्षांनी नवी करडी एसयूव्ही आणणाऱ्याला कोणी उधळ्या म्हणत नाही. जुनी मासेराती घेणाऱ्याला मात्र सगळे सल्ला द्यायला धावतात. मला हे मनापासून खटकतं.

मेधा_क

हिशेबनीस, तुलनाच चुकली आहे. घरात दोन मुलं असतील, शाळा असेल, आठवड्याचा बाजार असेल, तर ग्रानटुरिस्मो घेतल्याने एसयूव्ही जात नाही. ती दाराशी उभीच राहते. म्हणजे सहा हजार विरुद्ध साडेसात हजार असा हा सामना नाहीच. साडेसात अधिक सहा, असा आहे. एकच गाडी ठेवून हिशेब जुळवणारा माणूस मला दाखवा, मग पुढे बोलू.

आणि विम्याबद्दल कोणीच बोललं नाही. हप्त्यापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे. बाजारभाव कमी आणि दुरुस्ती मूळ किमतीच्या हिशेबाने, असं झालं की किरकोळ धडकेतही विमा कंपनी गाडी निकालात काढते. ढाचा शाबूत असला तरी 'कॅटेगरी एन' चा शिक्का बसतो, आणि तो पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसतो. डीबी९ चा सांगाडा ॲल्युमिनियमचा, चिकटवून जोडलेला. तो कोपऱ्यावरच्या डेंटिंगवाल्याचं काम नाही. पंधरा वर्षांच्या साध्या गाडीला पार्किंगमध्ये कोणी ठोकलं तर चीड येते आणि आपण विसरतो. इथे मात्र अख्खी गाडी जाऊ शकते.

हिशेबनीस

मेधाताई, विम्याचा मुद्दा मान्य. त्यावर उपाय आहे: ठरलेल्या रकमेचा विमा. गाडीचे फोटो, सर्व्हिसची कागदपत्रं आणि बाजारातल्या तशाच गाड्यांचे भाव देऊन रक्कम आधी लिहून घ्यायची. अशा गाडीला हा विमा घेतलाच पाहिजे.

दुसऱ्या गाडीचं म्हणाल, तर रोजची गाडी आठ हजारांची जुनी टोयोटा ठेवा आणि नव्या एसयूव्हीचा हप्ता वाचवा. दोन जुन्या गाड्या मिळूनही एका नवीपेक्षा स्वस्त पडतात.

मेधा_क

टोयोटा ठेवा आणि मासेराती घेऊच नका, हे त्याहून स्वस्त. आवडीसाठी पैसे घालायला माझी हरकत नाही. पण "ही काटकसरच आहे" असं घरच्यांना पटवून सही घेणं मला मान्य नाही. आवड आहे म्हणा, वर्षाला एवढे जातील म्हणा, आणि मग एकत्र ठरवा.

तेराचा_पाना

सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. या गाड्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि खर्च कोणती घेता यावर ठरतो.

मासेरातीपुरतं सांगतो. ग्रानटुरिस्मोच्या आधीची कूपे, जिला लोक ४२०० म्हणतात, तिच्यात बहुतेक वेळा 'कांबियोकोर्सा' गिअरबॉक्स असतो. क्लच साधाच, पण तो पायाने नाही, हायड्रॉलिक पंपाने दाबला जातो. शहरातल्या गर्दीत इंच-इंच पुढे सरकवली, चढावर क्लचवर धरून ठेवली, रिव्हर्समध्ये घासली, की क्लच भराभर संपतो. मोकळ्या रस्त्यावर तोच क्लच कितीतरी जास्त चालतो. किती शिल्लक आहे ते डायग्नोस्टिक यंत्र लावून वाचता येतं. विकणारा ते वाचू देत नसेल तर बोलणं तिथेच थांबवा.

२००७ मध्ये आलेल्या ग्रानटुरिस्मोला मात्र झेडएफ या जर्मन गिअरबॉक्स कंपनीचा सहा गिअरचा साधा ऑटोमॅटिक आहे. त्याच घराण्यातला गिअरबॉक्स त्या काळच्या बीएमडब्ल्यू आणि जग्वारमध्येही होता, त्यामुळे तो ओळखणारे कारागीर गावोगाव सापडतात. "आयुष्यभर तेल बदलायची गरज नाही" असं काही विक्रेते सांगतात. ऐकू नका, खुद्द झेडएफ ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरला बदला म्हणतं. २००८ च्या 'एस' मॉडेलमध्ये परत तो क्लचवाला प्रकार आहे, आणि २००९ पासून 'एस ऑटोमॅटिक' आलं. जाहिरातीत नुसतं 'एस' लिहिलेलं असतं, म्हणून फोन करून आधी हेच विचारा.

इंजिन फेरारीकडे मारानेल्लोला बनलेलं, आणि त्यात टायमिंगला साखळी आहे. नव्वदच्या दशकातल्या फेरारी ३५५ सारखं दर काही वर्षांनी बेल्टसाठी इंजिन उतरवायचं काम इथे नाही. मात्र थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने खडखड ऐकू आली तर कॅमशाफ्टचे व्हेरिएटर (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारे भाग) तपासून घ्या, ते काम महाग आहे. म्हणून गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगायचं, इंजिन गरम करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

धागाकर्त्याचे चार-पाच हजार बेंटलीला कमी पडतील आणि ऑटोमॅटिक ग्रानटुरिस्मोला बहुतेक वर्षी जास्त होतील, असं माझं मत.

डोंगरवाट

इथे सगळे गाडी उभी ठेवून हिशेब करताहेत. ही गाडी कशासाठी बनली ते विसरू नका. कॅले, रँस, मॉ ब्लाँचा बोगदा, मग मोदेना: लंडनहून चौदाशे किलोमीटरच्या आसपास. हे अंतर दोन दिवसांत कापून उतरल्यावर पाठ दुखू नये आणि मन भरलेलं असावं, म्हणून या गाड्या घडवल्या. ग्रानटुरिस्मोच्या मागच्या सीटवर तर मोठी माणसंही खरोखर बसतात. डीबी९ मध्ये तिथे पिशव्याच ठेवायच्या.

आणि खर्चाचंच म्हणाल तर न चालवणं जास्त महाग पडतं. बॅटरी उतरते, डिस्कला गंज धरतो, सील सुकतात. टायरची नक्षी छान दिसते पण रबर दगड झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. '१४१५' दिसलं तर तो २०१५ च्या चौदाव्या आठवड्यातला टायर आहे, नक्षी कितीही खोल असो. कमी मैल चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हे या वर्गात खरं नाही. दर आठवड्याला चाललेली, जाड फाइल असलेली ऐंशी हजार मैलांची गाडी मी आधी घेईन.

कोथरूडकर

वाचतोय. दोन-तीन वर्षांत लंडनहून कायमचा पुण्याला परतणार आहे. इथे स्वस्तात घेतलेली सोबत नेता येईल का? स्टिअरिंग तर उजवीकडेच आहे.

टेम्सकाठी

कोथरूडकर, नाही. तयार होऊन तीन वर्षांहून जास्त झालेली वापरलेली गाडी भारतात आयात करता येत नाही. तुम्ही म्हणता त्या सगळ्या त्याहून कितीतरी जुन्या. परतायची तारीख जवळ असेल तर घेऊच नका. घाईत विकायला काढलेल्या अशा गाडीला भाव येत नाही, आणि हिशेबनीसांचा घसारा तिथेच कोसळतो.

तेराचा_पाना, मॉडेलनुसार फरक पडतो हे पटलं. पण ऑटोमॅटिक ग्रानटुरिस्मोचाही आकडा मी खाली आणणार नाही. स्कायहूकचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे शॉक ॲब्सॉर्बर, पुढच्या सस्पेन्शनच्या आर्म, १९ इंची टायर, आणि मागचे तर २८५ रुंदीचे. यातलं दर वर्षी काही ना काही येतंच.

मेधाताईंचं दोन गाड्यांचं गणित मला सगळ्यांत पक्कं वाटतं. त्याला अजून नीट उत्तर आलेलं नाही.

हिशेबनीस

उत्तर दिलंय, जुनी टोयोटा. नवी एसयूव्ही हवीच असा हट्ट असेल तर मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

तेराचा_पाना

जे घेणारच आहेत त्यांच्यासाठी एक फुकटचं साधन. नंबर प्लेट टाकली की सरकारी संकेतस्थळावर गाडीचा एमओटीचा, म्हणजे सक्तीच्या वार्षिक तपासणीचा सगळा इतिहास दिसतो: दर वर्षीचे मैल, नापास झाली ते, आणि 'ॲडव्हायझरी' म्हणजे पास केली पण लक्ष द्या असं लिहिलेल्या गोष्टी. लोक फक्त पास-नापास बघतात. ॲडव्हायझरी बघा. पुढच्या आर्मचे बुश (सांध्यातले रबर) झिजलेत असं एका वर्षी लिहिलंय आणि पुढच्या वर्षी ते गायब आहे, तर मालकाने काम करून घेतलंय, त्याची पावती मागा. तेच वाक्य सलग तीन वर्षं दिसत असेल, तर त्याने गाडी घेतली पण सांभाळायला पैसे नव्हते. दिसत नाहीत अशी आणखी कामंही त्याने टाळलेली असणार. ती गाडी कितीही चकाकत असली तरी सोडून द्या.