पाळीव प्राण्यांनी केलेलं नुकसान आणि घराचा विमा : जाणकारांनी अनुभवाचं लिहा

सोफा फाडला, दार ओरबाडलं, पाइप चावला, शेजाऱ्याला चावला. यातलं घराच्या विम्यात काय बसतं? विमा, सर्व्हे, वायरिंग, भाडेकरार यांत रोज हात घालणाऱ्यांनी नेमकं लिहावं ही विनंती. 'आमच्या ब्रूनोने काय केलं' यासाठी फोटोंचा धागा वेगळा आहे, तिकडे जा.

विमावाला_ठाणे

कुरतडणं, ओरबाडणं, गादीवर मुतणं यांचे पैसे आपल्याकडच्या साध्या घर-पॉलिसीतून मिळत नाहीत. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही एकाच मसुद्याची पॉलिसी देतात. तिच्यात संकटं नावानिशी दिली आहेत: आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, बाहेरच्या वस्तूची धडक, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं वा वाहणं, वगैरे. जे यादीत नाही ते नाही. कुत्र्याचे दात यादीत नाहीत.

पण प्राण्याच्या उपद्व्यापातून यादीतलं संकट उभं राहिलं, तर गोष्ट बदलते. मांजरीने समई पाडली आणि पडदा पेटला, तर ती आग. समई कोणी पाडली याने फरक पडत नाही. पॉलिसी वगळते ते विमेदाराने जाणूनबुजून केलेलं कृत्य, आणि मांजर काही तुमच्या सांगण्यावरून उडी मारत नाही.

आणखी एक. इमारत आणि सामान दोन्हींचा विमा घेतला की घरातलं सामान इमारतीच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, कमाल 10 लाख रुपये, आपोआप धरलं जातं, यादी न देता. इमारत 30 लाखांची असेल तर सामान 6 लाखांचं. फक्त सामानाचा किंवा फक्त इमारतीचा विमा घेतला असेल तर हा हिशेब लागू नाही. पॉलिसीचं शेड्यूल, म्हणजे कशाचा किती विमा ते लिहिलेलं पान, उघडून बघा.

सर्व्हेचं_काम

पाइपबद्दल सविस्तर लिहितो, कारण खरी भांडणं तिथेच होतात.

वॉशिंग मशीनच्या इनलेट पाइपमध्ये मशीन बंद असतानाही दाब असतो. पाणी अडवणारा व्हॉल्व्ह मशीनच्या आत, पाइपच्या पलीकडच्या टोकाला असतो. म्हणजे भिंतीवरचा नळ उघडा ठेवून तुम्ही ऑफिसला गेलात आणि पिल्लाने पाइप चावला, तर टाकी रिकामी होईपर्यंत पाणी वाहणार. हे 'पाइप फुटणं वा वाहणं' यात बसू शकतं. अडचण अशी की सर्व्हेअरच्या (नुकसान तपासायला कंपनी पाठवते त्या माणसाच्या) मनात पहिली शंका येते ती जुनाट, झिजलेल्या पाइपची. हळूहळू झिरपलेलं पाणी आणि झीज यांचे पैसे मिळत नाहीत.

म्हणून तो पाइप फेकू नका. प्लंबर नवा बसवतो आणि जुना घेऊन जातो, तिथेच दावा अर्धा मेला. वयाने गेलेला पाइप बहुधा कॉलरजवळ, लांबीच्या दिशेने चिरतो. चावलेल्यावर मध्येच कुठेतरी समोरासमोर दोन खड्डे दिसतात, कड फाटलेली आणि रबर ओढलेलं असतं. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, पाइप पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा.

क्रम असा: आधी नळ बंद, मग त्या खोलीचा मेन स्विच बंद. पाणी पुसण्याआधी सलग एकच व्हिडिओ, दारापासून सुरू करून भिंतीवर पाणी कुठवर चढलं ते दिसेल असा. मग कंपनीला कळवून दाव्याचा क्रमांक घ्या. नुकसान वाढू नये म्हणून पाणी काढायला हरकत नाही, उलट ते तुमचं कर्तव्यच आहे. फुगलेलं प्लायवूड आणि उखडलेलं सनमायका मात्र सर्व्हे होईपर्यंत भंगारात देऊ नका. सुताराचं कोटेशन 'फर्निचर दुरुस्ती एकूण' असं चालत नाही. किती फूट प्लाय, किती जाडीचं, सनमायका किती, मजुरी किती, हे वेगळं लिहून घ्या.

स्वतः चावलेला पाइप? त्याचे पैसे कापले जातील असंच धरा. भांडण फर्निचरसाठी करा.

वायरमन_सांगली

वायर कुरतडून आग लागली तर आगीचं नुकसान मिळतं. पण शॉर्टसर्किटने जे उपकरण स्वतः जळलं, ते वगळलेलं आहे. फ्रिजची वायर सशाने कुरतडली, शॉर्ट झालं, फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला आणि शेजारचं कपाट जळलं: कपाट मिळेल, फ्रिज नाही. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला तर जनावराचा जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. तो शॉर्टसर्किट थांबवत नाही, त्याला एमसीबीच (जादा प्रवाह झाला की तुटणारा स्विच) लागतो. लोक एक बसवून दुसरा टाळतात.

जुनी_कलमं

गावाकडच्या घरांसाठी. जुन्या आग-विम्याच्या मसुद्यात धडकेच्या कलमात वाहनाबरोबर 'प्राणी' हा शब्द स्पष्ट होता, अट एवढीच की तो विमेदाराचा किंवा त्या जागेत राहणाऱ्याचा नसावा. म्हणजे दुसऱ्याच्या म्हशीने पडवीचा खांब पाडला तर मिळणार, स्वतःच्या म्हशीने पाडला तर नाही. नव्या 'गृह रक्षा'त 'बाहेरची वस्तू' असं आहे आणि उदाहरणं वाहन, झाड, विमान, भिंत यांची. गुरं पाळणाऱ्याने हा प्रश्न पॉलिसी घेण्याआधीच कंपनीला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावं. एजंटचं तोंडी 'हो हो, सगळं कव्हर आहे' काही कामाचं नाही.

विमावाला_ठाणे

सोफा आणि लॅपटॉपसाठी काही कंपन्या 'ऑल रिस्क' किंवा अपघाती नुकसानीचं जादा कव्हर विकतात, त्यावर चार ओळी. पैसे भरण्याआधी अपवादांचं पान वाचा. कीड, वाळवी, उंदीर यांच्या ओळीतच 'पाळीव प्राण्यांचं चावणं, ओरबाडणं' बसवलेलं असतं. तो शब्द दिसला तर कुत्र्यासाठी म्हणून ते कव्हर घेण्यात अर्थ नाही.

वकीलसाहेबा

चावण्याबद्दल. घराची मूळ पॉलिसी तुमच्या वस्तूंची, तिसऱ्याला द्यायच्या भरपाईची नाही. त्यासाठी पॅकेज पॉलिसीतला सार्वजनिक दायित्वाचा भाग किंवा कुत्र्याच्या विम्यातलं तिसऱ्या पक्षाचं कव्हर लागतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली, प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा दंड कोणतीही विमा कंपनी भरत नाही.

भाड्याच्या घरात ओरबाडलेल्या दाराचे पैसे मालकाच्या विम्यातूनही येत नाहीत, ते डिपॉझिटमधून जातात. लीव्ह अँड लायसन्स करारात 'झीज' आणि 'नुकसान' यांत फरक लिहून घ्या, चावी घेताना प्रत्येक दाराचा खालचा दोन फुटांचा भाग फोटोत घ्या. नखं तिथेच लागतात.

एडिसनकर

अमेरिकेतलं. घरमालकाच्या नेहमीच्या एचओ-3 पॉलिसीत 'विमेदाराने पाळलेले प्राणी' हा इमारतीसाठी स्पष्ट अपवाद आहे. सामान तर नावानिशी संकटांवरच असतं, म्हणून सोफा तिथेही गेला. पण पाइपमधून अचानक पाणी सुटलं तर पाण्याचं नुकसान साधारणतः मिळतं. भारताशी मोठा फरक दायित्वाचा: तो पॉलिसीतच असतो, बहुधा किमान एक लाख डॉलर, आणि कुत्रा चावला तर तोच कामी येतो. काही कंपन्या ठराविक जाती वगळतात, न्यूयॉर्क राज्यात मात्र जातीवरून पॉलिसी नाकारता येत नाही. न्यू जर्सीत भाडेकरूंचं एकूण डिपॉझिट, पेट डिपॉझिट धरून, दीड महिन्याच्या भाड्यावर जाऊ शकत नाही.

बर्लिनहून

जर्मनीत कुत्र्यासाठी वेगळा दायित्व विमा लागतो, बर्लिन आणि हॅम्बुर्गमध्ये तो सक्तीचा आहे. मांजर बहुधा माणसाच्या खासगी दायित्व विम्यातच धरलेली असते. भाड्याच्या घराचं नुकसान त्यात आहे का ते बघून घ्या.

धागाकर्ती

फिश टँक फुटला तर? दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी आहे.

सर्व्हेचं_काम

भरली तर साधारण 56 लिटर पाणी, लाकडी फरशीला पुरेसं. कलमातल्या 'टाकी, उपकरण, पाइप' यात मत्स्यपेटी येते की नाही यावर वाद होतो, मी लेखी विचारायला सांगतो. दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर तुमच्या भागाच्या विमा लोकपालाकडे. अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत, फी नाही, वकील लागत नाही. नकाराचं पत्र कलमाच्या क्रमांकासह मागून घ्या, फोनवरचा नकार तिथे दाखवता येत नाही.