इथिओपियातला वोरेडा (तिकडचा तालुका) आपल्या तालुक्याशेजारी मांडायचा तर आकडे कुठले धरायचे?

आजऱ्याची_लेक:
नमस्कार. मी कोल्हापुरात भूगोलात एम.ए. करते. आमची आजी आजऱ्याच्या डोंगरउतारावर अजून नाचणा लावते. हे पीक मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलं, इथिओपियात त्याला डागुसा म्हणतात, हे वाचल्यापासून तिथला एक ग्रामीण वोरेडा आजरा तालुक्याशेजारी मांडून बघायचाच असं ठरवलंय. पण जिथं बघावं तिथं लोकसंख्या २००७ चीच. आणि नकाशात सखल भाग मोकळा, गावं सगळी वर. आपल्याकडं शिरोळ-हातकणंगल्याला माणूस दाटलेला, गगनबावड्याला विरळ. तिकडं उलटं का?

साखरवाले_काका:
पोरी, मी अवाश नदीकाठी वोंजीच्या साखर कारखान्यात तीन वर्षं काढलीत. तिकडं गाव म्हटलं की आधी उंची विचारतात. साधारण १५०० मीटरच्या खाली कोला, म्हणजे उष्ण. त्याच्या वर २३००-२४०० पर्यंत वोयना देगा, टेफ हे तिकडचं मुख्य धान्य पिकतं तो पट्टा. त्याच्याही वर देगा, तिथं थंडी, जव आणि मेंढरं. आपला पन्हाळा हजार मीटरसुद्धा भरत नाही, म्हणजे तिकडच्या हिशेबानं कोलाच! कळसूबाई १६४६ मीटर, ती कशीबशी वोयना देगात बसते. खाली उष्मा आणि मलेरिया. पश्चिमेच्या काही खोऱ्यांत तर रोग पसरवणाऱ्या त्सेत्से माशीमुळं बैल जगत नाहीत, मग नांगरायचं कशानं? वर हवा चांगली, पाऊस भरवशाचा. म्हणून माणूस वर राहिला.

गणती_करवीर:
ताई, २००७ नंतर तिथं जनगणना झालेलीच नाही, २०१७ ची पुढं ढकलत गेली. २००७ ला देश सुमारे ७ कोटी ३७ लाखांचा होता, आता १२ कोटींच्या पुढं गेलाय. मधल्या काळात कितीतरी वोरेडा फोडून नवे केले, त्यामुळं नुसत्या नावावर जाऊ नका. वोरेडाच्या पोटातले केबेले ताडून बघा, तेच सगळ्यात लहान एकक. आणखी एक, त्यांचं पंचांग सात-आठ वर्षं मागं चालतं. तिथल्या अम्हारिक भाषेतल्या कागदावर १९९९ ची गणती दिसली तर ती हीच २००७ ची. माझा यात एक आठवडा गेला होता.

आजऱ्याची_लेक:
१९९९ चं तर मी वेगळ्या रकान्यात लिहून ठेवलं होतं! आता तिकडची २००७ आणि आपली २०११ समोरासमोर ठेवते, पहिला रकाना उंचीचा. काका, डागुसा कुठं बघितलात?

साखरवाले_काका:
वायव्य इथिओपियात, गोज्जमकडं. तिथलाच वोरेडा घे. आणि आजीला सांग, तिकडं डागुश्याची भाकरी करतात आणि तल्ला नावाची घरगुती बिअरही.