अँटिबायोटिक आणि जुलाब थांबवायची औषधं: अंतर किती ठेवायचं?

ए-१०३: आजींना जुलाब होतायत. डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० हे अँटिबायोटिक लिहून दिलंय, सकाळी ८ आणि रात्री ८. घरात केओलिन-पेक्टिनची बाटली, झिंकच्या गोळ्या आणि लोपेरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी) पडलंय. सगळं एकदम दिलं तर चालेल?

बी-२०४ (फार्मसी): एकदम नको, वहिनी. केओलिन म्हणजे मातीच. सिप्रो तिला चिकटते आणि रक्तात न शिरता शौचावाटे निघून जाते. झिंक, लोह, कॅल्शियम, अ‍ॅसिडिटीचं पांढरं औषध, यांचंही तेच. सिप्रोनंतर किमान २ तास थांबा आणि पुढच्या सिप्रोच्या ६ तास आधी ही औषधं संपवा. तुमच्या वेळांप्रमाणे दिवसा सकाळी १० ते दुपारी २ एवढाच वेळ उरतो. गोळी दुधा-दह्याबरोबर देऊ नका, साधं पाणी बरं.

सी-००२ (डॉक्टर): त्यातही मोठ्या माणसाच्या जुलाबाला झिंक लागतच नाही. ते मुलांसाठी: सहा महिन्यांवरच्यांना रोज २० मिग्रॅ, १० ते १४ दिवस. केओलिनची बाटलीही कपाटात राहू दे, तिने पाणी भरून निघत नाही.

ए-१०३: आणि लोपेरामाइड?

सी-००२: ते सिप्रोला अडवत नाही. अडचण वेगळी आहे. ताप असेल किंवा शौचात रक्त-आव असेल तर अजिबात नको. आतडं थंडावतं आणि जंतू, विष आतच राहतं. तसं काही नसेल तर २ मिग्रॅच्या दोन गोळ्या, मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक. डॉक्टरांना न विचारता दिवसात चारच्या वर नाही. एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल तर लोपेरामाइड रक्तात वाढतं, जास्त झालं तर हृदयाची लय बिघडते.

बी-२०४: जुलाब अँटिबायोटिक सुरू झाल्यावर लागले असतील तर लोपेरामाइडने दाबू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. 🙏

डी-३०१: पावसाळ्यात शेतात उतरणारे लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) डॉक्सी, म्हणजे डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक घेतात, तिचं काय?

बी-२०४: तीही केओलिनला, लोहाला अडकते. भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिका भाजते.

डी-३०१: मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकवर फेणी? 😄

सी-००२: कोर्स संपल्यावरही ३ दिवस नको. उलट्या, धडधड, चेहरा लालबुंद.

ए-१०३: ओआरएस कधी द्यायचं?

सी-००२: कधीही, त्याचं कुठल्याच गोळीशी भांडण नाही. मोठं पाकीट अख्खं १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धं पाकीट पेल्यात अंदाजाने नको, मीठ कमी-जास्त होतं. २४ तासांनी उरलेलं ओतून टाका. मधे उकड्या तांदळाची पेज. आजी लघवीला शेवटच्या कधी गेल्या?

ए-१०३: काल रात्री बहुतेक.

सी-००२: इतका वेळ लघवी नाही, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं असेल. गोळ्यांच्या वेळांचं राहू दे. घोटघोट ओआरएस आताच सुरू करा आणि त्यांना दवाखान्यात घेऊन या.