किनाऱ्यावर मुक्काम आणि रात्रीचं जेवण: तुमचे अनुभव लिहा

ओटीवरून
शेजारच्या जोडप्याने कॅराव्हॅन भाड्याने घेतली आहे. श्रीवर्धनहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत जाणार आहेत. काल जिन्यात भेटली तेव्हा तिने विचारलं, "काकू, रात्री जेवायला काय करायचं हो?" आणि मी तिथेच उभी राहून बोलत सुटले. बाबांची जीप आठवली.

त्यांची बदली रत्नागिरीला होती. सुट्टी लागली की जीपमध्ये ताडपत्री, कंदील, रॉकेलचा स्टोव्ह, तांदळाचा डबा, कुळथाचं पीठ, आगळाची (कोकमाच्या आंबट रसाची) बाटली आणि आम्ही भावंडं. खाड्यांवर आजच्यासारखे पूल नव्हते. बऱ्याच ठिकाणी रस्ता पाण्याशी येऊन संपायचा. मग लांबचा वळसा, नाहीतर तिथेच मुक्काम.

ऊन उतरलं की आई स्टोव्हला हात लावायच्या आधी घर शोधायची. माडांच्या आड कौलं दिसली की कळशी घेऊन निघायची. "वहिनी, कळशीभर पाणी मिळेल का?" जेवण काय होणार ते त्या कळशीवर ठरायचं. पाणी गोडं असलं तर वरणभात. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी असलं की डाळ तासभर उकळली तरी बोटचेपी होत नाही, मग कुळथाची पिठी. लसणाची फोडणी, दोन आमसुलं, मिरची. दहा मिनिटांत उतरते आणि भातावर ओतली की दुसरं काही लागत नाही.

पाणी देणारी बाई नुसतं पाणी देत नसे. केळीची पानं द्यायची, एखादा नारळ, वाटीभर लोणचं. कधी घरातलं कोणीतरी पाठोपाठ यायचं, आमच्या कंदिलाशी बसून गप्पा मारायचं. मला वाटतं कोकणातलं मुक्कामाचं जेवण कोणाच्या तरी विहिरीपासून सुरू होतं. समुद्राचा नंबर नंतर.

तुमचे अनुभव लिहा. काय शिजवलं, कुठे, कशावर. तिला सगळे वाचून दाखवणार आहे.

सुरूचंबन
पिठी!!! वाचूनच भूक लागली. ऑफिसात आहे, रात्री लिहिते

खारेवारे
वाऱ्याबद्दल लिहितो, कारण नवीन लोक तिथेच अडतात. दिवसभर खारे वारे समुद्राकडून येतात, दुपारनंतर तर जोरात. सूर्यास्तानंतर ते पडतात आणि रात्री उशिरा जमिनीकडून मतलई सुरू होतात. मध्ये जो निवांत वेळ मिळतो त्यात स्वयंपाक उरकायचा. त्याआधी शेगडी पेटवायची असेल तर गाडी समुद्राला आडवी लावून तिच्या मागे बसा. आम्ही आरे-वारेच्या वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर असायचो, तिथे आडोसा नसेल तर चहासुद्धा उकळत नाही.

कोकमसार
@खारेवारे आणि मतलई वारे सुटले की चुलीचा धूर समुद्राकडे जातो. तंबू कुठे लावायचा तेही त्यावरूनच ठरवा.

भाताचाटोप
गॅस वाचवायची आमच्या काकूची रीत. उकडा तांदूळ असेल तर दुपारीच डब्यात भिजत घालायचा, गाडी चालते तोवर तो भिजतो. संध्याकाळी एक सणसणीत उकळी आली की पाच-सात मिनिटं शिजू द्यायचा, झाकण घट्ट लावायचं आणि टोप गोधडीत गुंडाळून ठेवून द्यायचा. तोपर्यंत शेगडी कालवणाला मोकळी. उघडाल तेव्हा भात झालेला असतो. मूग-मटकीसुद्धा प्रवासात ओल्या फडक्यात मोड येऊन तयार होतात, कोकणच्या हवेत तर लवकरच.

पोहेवाली
आम्ही शाकाहारी, आणि पहिल्या रात्री आमची शेगडी पेटवतच नाही. दडपे पोहे. पातळ पोहे, ओलं खोबरं, बारीक कांदा, लिंबू, मीठ, साखर, हिरवी मिरची कुस्करून. शहाळ्याचं नाहीतर नारळाचं पाणी शिंपडायचं आणि वर ताट दडपून ठेवायचं. फोडणी घरून छोट्या बाटलीत आणलेली असली तर उत्तमच. दिवसभर गाडी चालवून आल्यावर कोणाला शिजवायचं असतं? वेळणेश्वरला देवळामागे बसून खाल्लेल्या पोह्यांची चव अजून आहे.

चाकरमानी७२
दडप्या पोह्यांना रात्रीचं जेवण म्हणायचं??

पोहेवाली
@चाकरमानी७२ दोन ताटल्या खाऊन बघा मग बोला 😄

देवबागचो
माझा घर देवबागात, रस्त्याक लागान. डिसेंबरात रोज कोण ना कोण तंबूवाले पाण्याक येतत. पाणी देवंक आमची ना नाय, आजयेच्या वेळेपासून तशीच रीत आसा. पण दोन गोष्टी सांगतंय. विहिरीच्या काठार साबण लावन भांडी घासू नकात. एका बाजूक कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूक दर्या, मधी आमची वाळूची पट्टी. त्या वाळूत सगळा जिरता आणि परत विहिरीतच येता. दुसरा म्हणजे पंप लावन गाडीची टाकी भरूक येव नकात. वाळूतला गोडा पाणी खाऱ्या पाण्याच्या वर ऱ्हवता, जास्त उपसला की खारा वर येता, मगे आमी काय पियाचा? कळशी मागा, दोन मागा, देतंव. बसा, चाय घेवा.

ओटीवरून
@देवबागचो दादा, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. कॅराव्हॅनची टाकी केवढी असते ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिला सांगते, मोठी टाकी मुक्कामाच्या अधिकृत ठिकाणी किंवा पेट्रोल पंपावर विचारून भरायची आणि घरी फक्त प्यायचं पाणी मागायचं.

राखुंडी
भांडी! चुलीवर टोप ठेवायच्या आधी बुडाला बाहेरून ओल्या राखेचा, नाहीतर मातीचा लेप द्या, काजळी त्याच्यासकट निघून येते. पहिली घासणी वाळूने समुद्राच्या पाण्यात, शेवटची खळबळ फक्त गोड्या पाण्यात. तांब्याभर पाण्यात चार माणसांची भांडी होतात. जर्मनची (ॲल्युमिनियमची) भांडी खाऱ्या पाण्यात रात्रभर ठेवू नका, डाग पडतात.

सुरूचंबन
आले. मला थोडं वेगळं लिहायचंय. लग्नानंतर आम्ही मित्रमंडळी दर थंडीत किनाऱ्यावर जायचो, दिवेआगर, केळशी, आंजर्ले. पुरुष मंडळी पाण्यात, नाहीतर फोटो काढत. आणि आम्ही बायका सुरूच्या झाडाखाली कांदा चिरत. घरी ओटा तरी कमरेच्या उंचीचा असतो, इथे उकिडवं बसून धूर खायचा. एका वर्षी मी आणि माझ्या जावेने ठरवलं की सूर्यास्त बघायला आम्ही जाणार आणि स्वयंपाक ते करणार. केला त्यांनी. खिचडी चांगली झाली होती, पापड भाजले होते, ताटं मांडून बोलावलं आम्हाला. तेव्हापासून तीच पद्धत. ओटीवरून काकू, तुमच्या शेजारणीला पदार्थांच्या यादीआधी हे सांगा. सोबत नवरा आहे ना, मग दोघांनी मिळून.

पोहेवाली
+१००

भाताचाटोप
टाळ्या!! 👏

खारेवारे
मान्य. आमच्याकडे चूल मीच सांभाळतो. मुलांना पाणी आणि सरपण.

जांभादगड
गॅसचं काम केलंय म्हणून लिहितो, सगळ्यांनी वाचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर वर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी साठतो. म्हणून कॅराव्हॅनमध्ये खालची जाळी कधीही कापडाने बंद करू नका, थंडी वाजली तरी. तंबूच्या आत शेगडी किंवा निखारे नकोतच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळत नाही. वारा आहे म्हणून छोट्या सिलिंडरवरच्या शेगडीला चारी बाजूंनी पत्रा लावतात, तेही करू नका, उष्णता खाली सिलिंडरला लागते. एका बाजूने आडोसा पुरे. आणि रेल्वेने येणाऱ्यांनी सिलिंडर आणायचा नाही, भरलेला सिलिंडर गाडीत नेऊ देत नाहीत.

कोकमसार
@जांभादगड हे वर चिकटवून ठेवायला हवं

बांगडाप्रेमी
कोणीच मासळी लिहीना! हर्णैला संध्याकाळी लिलाव असतो, बैलगाड्या पाण्यात जाऊन होड्यांवरून मासळी आणतात ते बघायचं, आणि आपल्यासारख्यांनी लिलावात न पडता बाजूला वाटे मांडून बसलेल्या मावशींकडून घ्यायचं. साफ करूनही देतात. आमचा मेनू एकच. बांगड्याला चिरा, मीठ, हळद, आगळ, लाल तिखट, अर्धा तास, आणि करवंटीच्या निखाऱ्यावर जाळीत भाजायचा. नारळाची सोडणं (वरची साल) धूर फार करतात, निखारा करवंटीचाच चांगला. सुरूची काटकी पेट घेते भसकन आणि विझतेही तशीच, ती फक्त पेटवायला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सुकं.

चाकरमानी७२
सुकं म्हटलं की सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी. सोड्यांची खिचडी. कांदा, खोबरं-लसणाचं वाटण, भिजवलेले सोडे, तांदूळ, एक टोप, संपलं. डबा मात्र दोन पिशव्यांत बांधा. आमच्या गाडीत जवळ्याची पिशवी फुटली होती, गाडी विकत घेणाऱ्याने पहिला प्रश्न तोच विचारला 😂

बांगडाप्रेमी
😂😂 काय किंमत कमी केली का?

चाकरमानी७२
नाही हो, मालवणचाच होता. म्हणाला घराची आठवण येते

कासवमित्र
एक विनंती. वेळास, आंजर्ले आणि जिथे जिथे ऑलिव्ह रिडले कासवं घरटी करतात तिथे नोव्हेंबरपासून मेपर्यंत रात्री वाळूवर चूल, शेकोटी, मोठे दिवे नकोत. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. अंधारात समुद्राची बाजू उजळ दिसते म्हणून ती तिकडे जातात, मागे शेकोटी असली तर उलटी फिरतात. वेळासला गावात घरोघरी जेवणाची सोय आहे. मोदक, फणसाची भाजी, तांदळाची भाकरी. तिथे शिजवण्यापेक्षा त्यांच्या पंगतीला बसा, कासवं राखणाऱ्या गावाला चार पैसे मिळतात.

सुरूचंबन
@कासवमित्र आम्ही आंजर्ल्याला जायचो तेव्हा हे कोणी सांगत नव्हतं. आता बागेतच मुक्काम करतो, किनाऱ्यावर नुसतं बसायला जातो.

नाखवा
भरतीचं कोणी बोललं नाही. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते, आमचे म्हातारे असाच हिशोब करत. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडंफार पुढेमागे. दिवसा एकदा आणि रात्री एकदा. लोक पौर्णिमेचं चांदणं बघून वाळूत पंगत मांडतात आणि जेवून आडवे होतात तेव्हाच उधाणाची भरती येते. कालच्या भरतीचा कचरा, शेवाळ जिथे ओळीने पडलंय त्याच्या वरच बसा. वाळूवर गाडी तर नेऊच नका. रुतली की आम्हालाच दोर घेऊन यावं लागतं.

ओटीवरून
बाबासुद्धा आधी पंचांग बघायचे! आज कळलं का ते.

फेरीबोट
दाभोळ-धोपावे. आम्ही पोचलो तेव्हा शेवटची फेरी गेलेली. गुहागरला जायचं होतं, चिपळूणवरून वळसा म्हणजे मध्यरात्र. धक्क्याजवळच्या टपरीवाल्या आजोबांनी टपरी बंद केली होती, आमच्या पोरांकडे बघून परत उघडली. आमच्याकडे तांदूळ आणि मेतकूट, त्यांच्याकडे अंडी आणि चुलीत विस्तव. त्यांच्या चुलीवर आमचा भात, आमच्या तेलात त्यांची अंडी. पैसे देऊ केले तर फक्त अंड्यांचे घेतले. सकाळच्या पहिल्या फेरीत ते आमच्याबरोबरच पलीकडे आले, लेकीकडे निघाले होते. ओटीवरून ताई, तुमचं ते विहिरीचं अगदी पटलं.

कोकमसार
किती छान. मेतकूट कसं विसरलो आपण सगळे!

पेणकर
आमच्या रायगडात या, पोपटी लावू. भांडी नकोत, तेल नको, पाणी तर थेंबभरही नको. जानेवारी-फेब्रुवारीत वालाच्या शेंगा भरतात तेव्हाच. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा, म्हणजे एका वासाच्या रानझुडपाचा पाला. त्यावर जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा. मग बटाटे, रताळी, अख्खे कांदे, अंडी, आणि मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून. परत शेंगा. तोंडाशी पाला घट्ट कोंबायचा आणि मडकं उलटं करून ठेवायचं, भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून पेटवायचं. अर्धा-पाऊण तास. पाण्याचा थेंब मडक्यावर टाकला आणि चर्र झालं की समजायचं. कापणी झालेल्या शेतात, मालकाला विचारून. आणि मालकाला जेवायला बसवून, हे सांगायला नकोच. आग विझवल्याशिवाय उठायचं नाही, आजूबाजूला सुकं गवत असतं.

बांगडाप्रेमी
कोंबडीऐवजी कोलंबी चालेल का?

पेणकर
@बांगडाप्रेमी चालते, पण पानात बांधून वरच्या थरात ठेवा, लवकर होते.

भाताचाटोप
भांबुर्डी मुंबईत कुठे मिळेल?

पेणकर
बाजारात क्वचितच. अलिबाग, पेण, रोह्याच्या बाजूला शेताच्या बांधावर उगवते, कोणालाही विचारा, दाखवतील. नुसत्या केळीच्या पानांवरही होते, पण तो वास येत नाही. मडकं हात आत जाईल एवढ्या रुंद तोंडाचं बघा.

पोहेवाली
शाकाहारी मडकं वेगळं लावणार ना?

पेणकर
@पोहेवाली ताई, आधी तुमचंच लावू. तारीख सांगा.