मदत हवी आहे: ईमॅक्समध्ये बफरवर परतल्यावर कर्सर जुन्याच जागी

नमस्कार मंडळी, ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या ईमॅक्स-लिस्प भाषेत कोड लिहिणाऱ्यांना विचारतोय. लॉगच्या (नोंदींच्या) बफरमध्ये, म्हणजे ईमॅक्समध्ये उघडलेल्या मजकुरात, शेवटी ओळ जोडणारं छोटं फंक्शन आहे. गोटू-चार या फंक्शनने पॉइंट (कर्सरची जागा) शेवटी नेला, तरी शेजारच्या विंडोतला (स्क्रीनच्या ज्या भागात बफर दिसतो ती विंडो) कर्सर हलेना. बफर एकच असला तरी प्रत्येक विंडो आपला पॉइंट वेगळा सांभाळते ना! (ही सोय फार मोलाची, एकच फाईल दोन ठिकाणी उघडून वाचता येते.) सेट-विंडो-पॉइंट या एका ठरावीक विंडोचा पॉइंट बदलणाऱ्या फंक्शनने दिसणाऱ्या विंडोचं काम भागलं.

अडलंय ते पुढे. बफर कुठेच दिसत नसताना ओळी वाढतात, मग त्याच विंडोत स्विच-टू-बफर या बफर बदलायच्या कमांडने परतलो की कर्सर जुन्या जागी. विंडो-प्रीव्ह-बफर्समध्ये (त्या विंडोत आधी दिसलेल्या बफरांच्या यादीत) ती जागा जपलेली दिसते. स्विच-टू-बफर-प्रिझर्व्ह-विंडो-पॉइंट (परतल्यावर जुनी जागा राखणारं सेटिंग) सरसकट निल, म्हणजे बंद, करायचं नाहीये, बाकी फायलींना ते हवंच. फक्त याच बफरपुरतं कसं थांबवावं?