स्टंपी नुसता विनोदापुरता?

'रिओ ब्राव्हो' या काउबॉय सिनेमातला (१९५९) स्टंपी केवळ हशा पिकवायला आहे असं म्हणतात, ते काही पटलं नाही. वॉल्टर ब्रेननचा हा लंगडा, करवादणारा म्हातारा जवळजवळ सगळा सिनेमाभर तुरुंगाच्या दाराआड बंदूक घेऊन कैद्यावर पहारा देत बसलेला असतो. शेरीफ (तिथला पोलीसप्रमुख) झालेला जॉन वेन बाहेर निर्धास्त फिरतो तो त्याच्याच भरवशावर.

दाढी-आंघोळ करून, नवे कपडे घालून आलेल्या ड्यूडवर, म्हणजे शेरीफच्या दारुड्या साथीदारावर, तो गोळी झाडतो तो प्रसंग आठवा. आधी हसू येतं, मग कळतं की ड्यूडची दारुड्याची अवकळाच सगळ्यांच्या किती डोळ्यांत बसली होती. आणि 'माझी कुणाला किंमतच नाही' अशी स्टंपीची कुरकुर चालू असताना वेन त्याच्या टकलाचा मुका घेतो, तर हा त्याला झाडू हाणतो! वेनचा शेरीफ इतका हळवा दुसऱ्या कुणापाशी होत नाही, नायिकेपाशीही नाही.

शेवटच्या चकमकीला लंगडा म्हणून त्याला मागे ठेवतात, तरी पठ्ठ्या पोचतोच. डायनामाइट फेकतो तो हाच. वेन नुसता त्यावर नेम धरतो.

बाकी साहाय्यक अभिनयाची तीन ऑस्करं ब्रेननकडे १९४० च्या 'द वेस्टर्नर'पर्यंतच जमली होती.