मोबाइल नंबराला ‘नंबर’ टाइप नको

शाहूपुरीतल्या गूळ व्यापाऱ्याच्या ऑर्डर फॉर्मसाठी मटेरियल यूआय या वेबपानांच्या तयार भागांच्या संचातल्या टेक्स्टफील्डला, म्हणजे मोबाइल नंबर भरायच्या चौकटीला, टाइप (भरायच्या माहितीचा प्रकार) ‘नंबर’ द्यावा का, असं एकानं विचारलंय. देऊ नका. मोबाइल नंबराची बेरीज-वजाबाकी करायची नसते, आणि काही ब्राउझरांत माउसचं चाक फिरलं तरी आकडा बदलतो. ‘टेल’ (टेलिफोन) हा टाइप द्या, फोनवर आकड्यांचाच कीपॅड येतो.

खरी अडचण पुढं आहे. कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड असला किंवा नंबर कुठूनतरी कॉपी करून चिकटवला, तर ९८ असे देवनागरी आकडे येतात. नंबर तपासणाऱ्या जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधला, म्हणजे मजकूर जुळवून बघायच्या साच्यातला, ‘बॅकस्लॅश डी’ हा आकड्यासाठीचा संकेत ते ओळखतच नाही, फक्त इंग्रजी आकडे धरतो. मग बरोबर नंबराखालीही ‘चूक’ म्हणणारी लाल अक्षरं! तपासणीआधी दहाही आकडे इंग्रजीत बदलून घ्या. त्यासाठी गिऱ्हाइकाला कीबोर्ड बदलायला लावणं मला अजिबात पटत नाही. हेल्परटेक्स्टमधली, म्हणजे चौकटीखालच्या बारीक ओळीतली, सूचनाही मराठीतच असू दे.